एकतीस एक्के आणि पाटण्याचा मठ

२१४७४८३६४७.

नाही, हा कुणाचा मोबाईल नंबर नाही. (दहा आकडी आहे खरा, पण आपल्याकडचे मोबाईल नंबर २ ने सुरू होत नाहीत.) सॉफ्टवेअरवाल्यांच्या मात्र हा आकडा बघितला की पोटात गोळा येतो. गेल्या वर्षी एका शुक्रवारी संध्याकाळी (असल्या गोष्टी शुक्रवारी संध्याकाळीच होतात!) आमच्या एका क्लायंटचं ऑर्डर घेणं अचानक बंद पडलं. लॉग उघडला तर शेवटच्या ओळीत हे महाशय. टेबल कुणीतरी दहा-बारा वर्षांपूर्वी बनवलेलं, आयडीचा रकाना साधा 'इंट', आणि एकेक करत तो भरला. इंटमध्ये मावणारी सगळ्यात मोठी संख्या हीच. पुढचा नंबर द्यायला जागाच नाही. मग काय, रकाना मोठा करायला घेतला आणि चार तास बसलो स्क्रीनकडे बघत.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही बरं का. २०१४ मध्ये 'गंगनम स्टाईल' गाण्याची प्रेक्षकसंख्या याच आकड्याच्या पुढे गेली, तेव्हा यूट्यूबलाही आपला काउंटर मोठा करावा लागला होता. आणि १९ जानेवारी २०३८ ला, भारतातल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, १९७० पासून सेकंद मोजणारी जुनी ३२ बिटांची घड्याळं इथेच येऊन धडकणार आहेत.

तर ते असो. मला सांगायचंय ते वेगळंच. ही संख्या मूळ संख्या आहे. म्हणजे १ आणि स्वतः सोडून कशानेही भाग जात नाही.

इंटची कमाल मर्यादा मूळ असणं हा तसा निव्वळ योगायोग. संगणकाच्या भाषेत लिहिली तर ही संख्या म्हणजे ओळीने एकतीस एक: १११११...१. पत्त्यातले एक्के मांडल्यासारखे. गणिताच्या भाषेत २^३१ − १. आता १६ बिटांच्या इंटची मर्यादा बघा, ३२७६७, म्हणजे पंधरा एक्के. ही मूळ नाही, ७ × ३१ × १५१ आहे. ६४ बिटांची, म्हणजे त्रेसष्ट एक्क्यांची, तीही नाही. का? तर पंधरा एक्क्यांचे तीन-तीनचे पाच गठ्ठे होतात, म्हणून तीन एक्क्यांच्या संख्येने (७ ने) भाग जाणारच. हे आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीतही दिसतं: १११११ला नाही, पण ११११११ला १११ने भाग जातो, उत्तर १००१. म्हणजे एक्क्यांची संख्या मूळ असायची असेल तर निदान एक्के मोजून येणारा आकडा तरी मूळ हवा. ३१ आहे. पण तेवढं पुरत नाही! ११ सुद्धा मूळच आहे, तरी अकरा एक्के म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. इथेच सगळी गंमत सुरू होते.

(एक्क्यांचा विषय निघाला आणि देवळालीच्या कापरेकर गुरुजींची आठवण झाली नाही असं मराठी माणसाचं होऊ नये. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. गुरुजींनी या जातीच्या संख्यांना डोंबिवलीवरून 'डेम्लो संख्या' असं नाव दिलं होतं! गुरुजी पुढे परत येतील.)

दिवाळीत मी ताईकडे शिंदखेड्याला गेलो होतो. रात्रीच्या बसने धुळं आणि तिथून लाल डबा. नोव्हेंबरात तिकडे सगळीकडे कापूस, कापूस आणि कापूस. वेचणी, काटा, भाव, सीसीआयचं केंद्र कधी उघडणार, याखेरीज दुसरा विषय नाही. घरात मात्र दुसरा विषय होता. भाचा बारावी सायन्सला आहे. त्याच्या डोक्यात बी.एस्सी. गणित, भाऊजींच्या डोक्यात कॉम्प्युटर इंजिनियरिंग, आणि ताईच्या डोक्याला ताप. मी गेल्या गेल्या तिघांनीही मला वेगवेगळं गाठून आपापली बाजू समजावली. मी कॉम्प्युटरवाला, त्यामुळे भाऊजींना वाटलं आपलं मत पक्कं. भाच्याला वाटलं मामा गणिताचं काहीबाही लिहीत असतो, आपलं मत पक्कं.

त्या शुक्रवारची गोष्ट भाच्याला सांगितली तर त्याचा पहिला प्रश्न: "मामा, ही मूळ आहे हे कशावरून? कुणी बघितलंय भाग देऊन?"

प्रश्न एकदम रास्त. आधी आम्ही घरातल्या सगळ्यांचे मोबाईल नंबर तपासले. भाच्याचा शेवटी ५, बाद. भाऊजींचा सम, बाद. ताईच्या नंबरच्या आकड्यांची बेरीज ३ च्या पाढ्यात, बाद. माझ्या नंबरला १३ ने भाग गेला. दहा आकडी संख्यांमध्ये साधारण तेवीसात एखादीच मूळ असते, त्यामुळे यात आश्चर्य काही नाही. उरला आजींचा, म्हणजे ताईच्या सासूबाईंचा, बटणांच्या फोनचा नंबर. त्याला ७, ११, १३, १७ करत १०० पर्यंत आलो तरी भाग जाईना. शेवटी पायथनला विचारलं. मूळ! भाच्याने जाऊन आजींना सांगितलं की घरात फक्त तुझा नंबर मूळ आहे. आजी कापसाच्या वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाऊ, हाई करीसन काय भेटस?"

हा घरातला त्या विषयावरचा सगळ्यात नेमका प्रश्न होता. त्याच्याकडे येतोच.

आता २१४७४८३६४७ ला हाताने तपासायचं तर वर्गमुळापर्यंत, म्हणजे ४६३४० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग देऊन बघायचा. त्या जवळजवळ ४८०० भरतात. दिवसाला शंभर भागाकार केले तरी दीड महिना जाईल. आजींच्या नंबरला तर पर्यायच नाही, कारण मोबाईल कंपनीने दिलेल्या नंबराला काही आकारउकार नसतो. पण एकतीस एक्क्यांना आकार आहे. तो पकडला लिओनार्ड ऑयलरने. साल १७७२, गाव सेंट पीटर्सबर्ग, आणि तोवर ऑयलरची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेलेली.

त्याची युक्ती अशी. समजा एखाद्या मूळ संख्येने आपल्या संख्येला भाग जातो. तिला 'प' म्हणू. मग २ चे घात घेत जा आणि दर वेळी प ने भागून बाकी लिहा: २, ४, ८, १६... एकतिसाव्या पायरीला बाकी १ येते आणि गाडी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे फेरी ३१ ची. (३१ मूळ असल्यामुळे यापेक्षा छोटी फेरी असूच शकत नाही.) पण फर्मा सांगून गेलाय की प − १ पायऱ्यांनी बाकी १ यायलाच पाहिजे. म्हणजे प − १ मध्ये ३१ च्या पूर्ण फेऱ्या बसल्या पाहिजेत. शिवाय प विषम, म्हणून प − १ सम. झालं! प ला ६२ ने भागलं तर बाकी १ च उरणार. मघाच्या अकरा एक्क्यांवर पडताळून बघा: तिथे २२ ने भागून बाकी १ हवी, आणि २३ नि ८९ दोघांचीही तशीच येते.

ऑयलर इथे थांबला नाही. २^३१ ची बाकी १, म्हणजे २^३२ ची बाकी २. पण २^३२ म्हणजे ६५५३६ चा वर्ग. म्हणजे या जगात २ चं वर्गमूळ चक्क ६५५३६ आहे! (१.४१४ वगैरे विसरा. ६५५३६ चा वर्ग ४२९४९६७२९६, म्हणजे आपल्या संख्येची दुप्पट अधिक २. करून बघा.) आणि ज्या मूळ संख्येच्या जगात २ ला वर्गमूळ असतं तिला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरते, हा आणखी एक नियम. दोन्ही चाळण्या एकावर एक ठेवल्या की २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ उरणाऱ्या संख्याच शिल्लक राहतात. ४६३४० पर्यंत अशा संख्या ३७३. त्यातल्या मूळ तेवढ्या घेतल्या तर शंभराच्याही आत. ४८०० भागाकारांचं काम शंभरावर आलं, आणि एकाचाही भाग गेला नाही. पुढची पाऊणशेहून जास्त वर्षं माणसाला माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या हीच होती. १८११ मध्ये पीटर बार्लो नावाच्या गणितज्ञाने तर लिहून टाकलं की या संख्येपासून मिळणारी परिपूर्ण संख्या हीच शेवटची, यापेक्षा मोठी कुणी शोधणार नाही, कारण तिचा उपयोग काय? १९ अंकी संख्या होती ती.

हे सगळं ओट्यावर बसून चाललेलं भाऊजी ऐकत होते. म्हणाले, "इंजिनियर साहेब, बार्लोचा प्रश्न बरोबर आहे. उपयोग काय?"

या प्रश्नाला आपल्या धंद्यात एक तयार उत्तर असतं. भाऊजी, तुमचे कापसाचे पैसे फोनवर येतात ना, ते मूळ संख्यांमुळेच सुरक्षित. आणि ते खरंही आहे. जुनी आरएसए पद्धत घ्या की नवीन, तळाशी प्रचंड मूळ संख्या असतातच. पण हे उत्तर द्यायला माझी जीभ रेटेना. कारण त्या कामाच्या आरएसएच्या मूळ संख्या तीनशे-साडेतीनशे अंकी आणि गुप्त असतात. एक्क्यांच्या विक्रमी संख्या जगाला माहीत, त्यांनी कुलूप लावलं तर किल्ली दारालाच लटकवल्यासारखं. २१४७४८३६४७ चा खरा उपयोग विचाराल तर एक आहे: संगणकात खोटे फासे टाकायला. आधीच्या आकड्याला १६८०७ ने गुणा, या संख्येने भागा, बाकी घ्या, तोच पुढचा आकडा. संख्या मूळ असल्यामुळे आणि १६८०७ (म्हणजे ७ चा पाचवा घात) नेमका निवडल्यामुळे २१४७४८३६४६ पायऱ्या होईपर्यंत एकही आकडा पुन्हा येत नाही. वर्षानुवर्षं कितीतरी प्रोग्रॅम याच फाशांवर खेळले. पण हे सांगून भाऊजींचं समाधान झालं असतं असं मला वाटत नाही. मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आलं. मागे उगवता सूर्य, पुढे भगवी अक्षरं: आपल्या खानदेशात पाटण्याला भास्कराचार्यांचं विद्यापीठ होतं आणि आज अमेरिका ज्या मोठमोठ्या मूळ संख्या शोधते त्या भास्कराचार्यांनी तेव्हाच शोधल्या होत्या, वगैरे वगैरे. पुढे पाठवा. भाऊजी खूश. "बघ, तुझं गणित आपल्याकडचंच!" भाचा वैतागला. तो मला म्हणाला, मामा, हे खोटं आहे ना? मी म्हटलं अर्धं खोटं आहे, चल बघून येऊ. भाऊजींनी गाडी काढली. धुळं, चाळीसगाव आणि तिथून पुढे डोंगरात पाटणादेवी.

पाटण्याची खरी गोष्ट फॉरवर्डपेक्षा कितीतरी चांगली आहे. भाऊ दाजी लाडांनी १८६५ च्या सुमारास इथला शिलालेख उजेडात आणला. शके ११२८, श्रावणी पौर्णिमा, म्हणजे ९ ऑगस्ट १२०७. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव, जो यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी होता, त्याने आजोबांचा सिद्धांतशिरोमणी आणि घराण्यातले इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून इथे मठ काढला. इथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिलं. भास्कराचार्य स्वतः इथे शिकवत होते असं शिलालेख म्हणत नाही. त्यांचं गाव विज्जलविड नेमकं कुठलं यावरही वाद आहेत.

मला त्यातला सगळ्यात आवडतो तो शेवटचा भाग. वरचा मजकूर संस्कृत, वंशावळी आणि स्तुती. मग दान नेमकं काय, हा मुद्दा आला की लेख मराठीत उतरतो! तेराव्या शतकाच्या सुरुवातीची मराठी, आणि विषय अगदी रोखठोक: पाटण्याच्या बाजारात जो माल विकायला निघेल त्यावर राजाला गिऱ्हाइकाकडून मिळणारा जो हिस्सा, तो मठाला. म्हणजे बाजारात कोण काय विकत घेतंय त्यातून दोन पैसे बाजूला पडायचे आणि त्यावर बीजगणित शिकणारी पोरं जेवायची. भाऊजी हे ऐकून एकदम गप्प झाले. कापसाच्या बाजारात ज्याचं आयुष्य गेलं त्याला बाजाराचा कर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.

मग मूळ संख्यांचं काय? भास्कराचार्यांनी मोठ्या मूळ संख्या शोधल्या नाहीत. आपल्या जुन्या गणितात मूळ संख्यांचं तसं वेगळं प्रकरणच नाही, तो नाद ग्रीकांचा. भास्कराचार्यांचा नाद वेगळा: वर्गप्रकृती. एका वर्गाला ठराविक संख्येने गुणा, १ मिळवा, आणि उत्तर पुन्हा वर्ग यायला पाहिजे. ६१ ने गुणायचं असेल तर ते किती अवघड होतं बघा: सगळ्यात छोटं उत्तर २२६१५३९८० आणि १७६६३१९०४९. ते त्यांनी ११५० मध्ये चक्रवाल पद्धतीने काढून ठेवलंय. फर्माने १६५७ मध्ये हाच ६१ चा प्रश्न युरोपातल्या गणितज्ञांना आव्हान म्हणून घातला होता.

आता ६१ सोडा, सोपं घ्या: ३ ने गुणायचंय. १ चा वर्ग, ३ ने गुणला, १ मिळवला, ४. म्हणजे २ चा वर्ग. जोडी मिळाली: २ आणि १. या एका जोडीतून पुढची काढायची युक्ती ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्येच दिलेली, तिला म्हणतात भावना. जोडीची तिच्याशीच भावना केली की ती तुल्यभावना. २ आणि १ पासून ७ आणि ४ (४९ वजा ४८, बरोबर १). त्यातून ९७ आणि ५६. त्यातून १८८१७ आणि १०८६४. दर वेळी आकडे दुपटीने लांब होत जातात. पाटण्याच्या मठात पोरं बीजगणित शिकत असतील तर हे त्यांनी घोकलंच असणार.

आता युरोपात. १८७६ मध्ये एदुआर ल्यूका नावाच्या फ्रेंच गृहस्थाने एकशे सत्तावीस एक्क्यांची संख्या मूळ असल्याचं हाताने दाखवलं. ३९ अंकी संख्या! तिथे ऑयलरची चाळणी काय कामाची? त्याची पद्धत १९३० मध्ये लेमरने सोपी करून ठेवली, ती अशी. ४ पासून सुरू करा. वर्ग करा, २ वजा करा. पुन्हा वर्ग, पुन्हा २ वजा. आकडा मोठा झाला की आपल्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवा. जितके एक्के आहेत त्याहून दोन कमी इतक्या पायऱ्या करा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाही आलं तर नाही. बस्स. एकाही विभाजकाची गरज नाही.

बाकी न काढता तो आकड्यांचा क्रम लिहून बघा: ४, १४, १९४, ३७६३४...

भाच्याने गाडीतच ते बघितलं. "मामा, हे तर दुप्पट आहेत!" २ ची दुप्पट ४. ७ ची १४. ९७ ची १९४. १८८१७ ची ३७६३४. ल्यूका-लेमरची प्रत्येक पायरी म्हणजे एक तुल्यभावना. त्यात काडीचाही फरक नाही. पहिला आकडा दुप्पट करून लिहिला की ब्रह्मगुप्ताची पायरी हीच 'वर्ग करा, २ वजा करा' बनते.

मग काय, फॉरवर्ड खरं ठरलं? मला नाही वाटत. भावना ही पायरी झाली. ती पायरी एका मूळ संख्येच्या जगात, बाक्यांमध्ये चालवायची, आणि शेवटच्या शून्याचा अर्थ काय हे सिद्ध करायचं, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातली आणि ल्यूकाची. ल्यूकाने ती पाटण्याहून नेली असंही नाही. पण बाराशे वर्षांच्या अंतरावर दोन माणसं एकाच पायरीवर पाय ठेवतात यात मला जी मजा वाटते ती 'आमच्याकडे आधीच होतं' यात वाटत नाही. 'आधीच होतं' म्हटलं की पुढे बघायची गरजच संपते. ते फॉरवर्ड ज्यांनी पुढे पाठवलं त्यातल्या कुणी २ आणि १ ची भावना करून बघितली असेल? भाऊजींनीही नव्हती केली. पण परतीच्या वाटेवर धुळ्याला चहाला थांबलो तेव्हा त्यांनीच खिशातून काट्याची पावती काढून भाच्यापुढे ठेवली: "कर बरं, बघू."

भाच्याने पावतीच्या पाठीमागे सात एक्के घेतले, म्हणजे १२७. पाच पायऱ्या. ४, १४, १९४ ची बाकी ६७. ६७ चा वर्ग ४४८९, वजा २, ४४८७, बाकी ४२. ४२ चा वर्ग वजा २, १७६२, बाकी १११. १११ चा वर्ग १२३२१ (गुरुजींची डेम्लो संख्या मध्येच येऊन नमस्कार करून गेली!), वजा २, १२३१९. भागिले १२७.

बरोबर ९७. बाकी शून्य.

भाऊजींनी तो भागाकार फोनच्या कॅल्क्युलेटरवर एकदा करून बघितला. मग पावती परत खिशात ठेवली. एकतीस एक्क्यांना अशाच २९ पायऱ्या लागतात. ऑयलरला शंभराच्या आसपास भागाकार लागले, इथे एकोणतीस गुणाकारांत काम होतं. ते मात्र आम्ही घरी आल्यावर पायथनच्या चार ओळींत केलं.

रात्री जेवताना (कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत) विषय पुन्हा बी.एस्सी.वर आला. मी कापरेकर गुरुजींचं नाव काढलं आणि चांगलाच सापडलो. देवळालीत शाळामास्तरकी करत माणसाने ६१७४ शोधली. कुठलेही चार आकडे घ्या, सगळे सारखे नकोत, उतरत्या क्रमाने लावून चढत्या क्रमाचे वजा करत राहा, सात पायऱ्यांच्या आत ६१७४ वर येताच. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने त्यांच्याबद्दल 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं, तेव्हा जगाला कळलं. भाऊजी शांतपणे म्हणाले, "म्हणजे सत्तरी गाठेपर्यंत कुणाला माहीत नव्हतं. आणि मास्तरच राहिले." यावर मी काय बोलणार? १९०५ चा जन्म. हिशोब बरोबर आहे. गुरुजींना त्यात आनंद होता असं म्हणणं पुण्यात पगार घेऊन बसलेल्या माणसाला सोपं आहे. कोरडवाहू जमीन, कापसाचा भाव आणि एकुलता एक मुलगा असलेल्या माणसापुढे ते कसं बोलायचं? मी एवढंच म्हटलं की माझ्या ऑफिसात ज्याला 'कशावरून?' हा प्रश्न पडतो असा माणूस मला शंभर रिझ्युमेंत एक सापडत नाही, आणि तो प्रश्न तुमच्या मुलाला पडतो. हे खरं आहे. त्याला नोकरी मिळेलच, असं मी म्हटलं नाही. ताईने माझ्याकडे जरा रागानेच बघितलं.

सध्या ठरलंय ते असं: सीईटीचा क्लास सोडायचा नाही. आणि जूनमध्ये दोन्ही फॉर्म भरायचे, इंजिनियरिंगचाही आणि जळगावच्या विद्यापीठात बी.एस्सी.चाही. मग बघू.

दरम्यान भाच्याने माझ्या जुन्या लॅपटॉपवर 'जिम्प्स'चा प्रोग्रॅम टाकलाय. १९९६ पासून जगभरातले लोक आपापले संगणक जोडून एक्क्यांच्या मूळ संख्या शोधतात, तो हा उद्योग. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांना १३६२७९८४१ एक्क्यांची सापडली. नेहमीच्या पद्धतीने लिहिली तर ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक. ११ तारखेला डब्लिनमधल्या एका यंत्राने ती 'बहुधा मूळ' असल्याचं सांगितलं, आणि 'बहुधा' काढून टाकायला दुसऱ्या दिवशी जी तपासणी पूर्ण झाली ती ल्यूका-लेमरचीच. ४, १४, १९४ पासून सुरू, तेरा कोटींहून जास्त पायऱ्या, शेवटी शून्य.

शिंदखेड्याच्या लॅपटॉपला एक संख्या तपासायला महिनाभर तरी लागेल असं दिसतंय. लाईट गेली की थांबतो, आली की जिथे थांबला तिथून पुढे. आजी रोज संध्याकाळी विचारतात, झाला का हिशोब. ताईचं म्हणणं, बिल मामाने भरायचं.